अवयव, अवयवी आणि सोपाऱ्याच्या खापऱ्या

गावकरी ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, ती सोपाऱ्याची टेकडी पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खोदली. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटातल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून पूजल्या गेल्या, असे इंद्रजींनी मानले. पण अवयवांहून निराळा 'अवयवी', म्हणजे भागांचा समग्र, नसतोच, असे सांगणाऱ्या बौद्ध परंपरेने खापऱ्या इतक्या का जपाव्यात? 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला दाखवतो की चाके, आस, दांडी यांपलीकडे रथ सापडत नाही. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, उत्तर असे, की एका भागाला धरून ओढले तरी सगळी वस्तू येते, म्हणून अवयवी खराच.

या वादात मला 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेची साक्ष मोलाची वाटते, कारण तिथे भागांतून समग्र घडताना तपासता येतो. १, २, ३, ४ या व्हेक्टरचा, म्हणजे आकड्यांच्या रांगेचा, दोन ओळींचा मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, करा. आर आधी उभा स्तंभ भरते. म्हणून वरच्या ओळीत १ आणि ३ येतात, खालच्या ओळीत २ आणि ४. आडवे भरायला सांगितले, तर वर १, २ आणि खाली ३, ४. पाचवा आकडा कुठेच जन्मत नाही. जोडली जाते ती फक्त 'डिम' ही खूण, म्हणजे ओळी किती आणि स्तंभ किती. इथवर नागसेन बरोबर. मात्र ओळींच्या बेरजा पहिल्या मांडणीत ४ आणि ६ येतात, दुसरीत ३ आणि ७. आकडे तेच असून उत्तर बदलते, तेव्हा मांडणीला नुसते नाव म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल, मांडणी तर माणसानेच ठरवली, मग ती खरी कशी? ठरवणे आपल्या हाती आहे, परिणाम नाही. आकड्यांच्या व्हेक्टरला अक्षरांचा व्हेक्टर 'सीबाइंड' या स्तंभ जोडणाऱ्या आज्ञेने जोडला, की सगळे आकडे अक्षरे होऊन बसतात आणि त्यांची बेरीज होत नाही. शेजार बदलला की अवयवही बदलतो. माझे मत असे, की अवयवी हे वेगळे द्रव्य नाही, पण अवयवांमधला संबंध खरा आहे. म्हणून खापऱ्या पूजणारा भिक्षू स्वतःच्या तत्त्वाला सोडून वागत नव्हता. पात्र उरलेले नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने खापरी, करंडक आणि स्तूप यांचा नवा संबंध बांधला.

हे मान्य असेल, तर स्तूप नालासोपाऱ्यात आणि अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, ही ताटातूट किरकोळ ठरत नाही. सोसायटीने ते जतन केले याबद्दल आपण ऋणी आहोत. तरीही वसई-विरारकरांनी ते स्तूपाजवळ, सुरक्षित जागेत आणण्याची मागणी करावी.