आडोसा

बेलफास्टच्या ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर 'क्राउन लिकर सलून' नावाचे एक जुने मद्यगृह आहे. १८८५ साली पॅट्रिक फ्लॅनगन याने त्याचा कायापालट केला. रंगीत फरशा, चितारलेल्या काचा, कोरीव लाकूडकाम, गॅसचे दिवे. एखाद्या प्रार्थनामंदिराला शोभावा असा थाट! पण माझे मन रेंगाळते ते आतल्या दहा बंदिस्त आडोशांपाशी. प्रत्येकाला दार, आणि आत नोकराला बोलावण्यासाठी घंटेची सोय. शिष्ट माणसाने प्यावे, पण कुणाच्या दृष्टीस पडू नये, ही त्यातली योजना. त्या काळचा दांभिकपणाच सुताराने लाकडात कोरला म्हणा ना!

१९७८ साली नॅशनल ट्रस्टने ही वास्तू घेतली आणि तिला तिचे मूळ रूप परत दिले. मद्यगृह अजूनही चालू आहे. तुम्ही विचाराल, गुत्त्याचे, त्यातही ढोंगाचे, जतन कशाला? प्रश्न रास्त आहे. दारूने धुळीला मिळालेले संसार मीही विसरलेलो नाही. पण जतन म्हणजे समर्थन नव्हे, ती साक्ष आहे. आपल्या नीतीला शोभेल तेवढेच राखायचे ठरवले, तर हाती इतिहास उरणार नाही. उरेल आपली खुशामत करणारा आरसा.

शिवाय दार लावून घेणाऱ्याला निदान लोकलज्जेची चाड होती. आपणही दारे लावतोच. फक्त ती लाकडाची नसतात. ती कोणती, हे पुढच्यांना कशावरून कळावे?