पोळा आणि पेढा

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये पोलाद कारखान्याची उच्च माध्यमिक शाळा आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांतल्या यशामुळे तिचं नाव गावाबाहेरही पोचलं. अशा यशानंतर पहिला पेढा देवापुढे जातो आणि ‘त्याचीच कृपा’ असं म्हटलं जातं. यावरचा आक्षेप सरळ आहे : अभ्यास मुलाने केला, शिकवलं शिक्षकांनी, शाळा उभी राहिली सार्वजनिक पैशावर, मग श्रेय देवाला का? आक्षेप रास्तच, पण त्यात आभार म्हणजे श्रेयाची वाटणी असं धरून चाललेलं आहे. जणू देवाला दिलं तेवढं माणसाच्या वाट्यातून वजा झालं. आभाराचं नातं खरं तर श्रेयापेक्षा ऋणाशी आहे. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चौघांचा ऋणी सांगितला आहे : देव, ऋषी, पितर आणि माणसं. पुढे पहिली तीन ऋणं लोकांच्या तोंडी राहिली, चौथं मागे पडलं. देवाचे आभार या चौथ्या ऋणापर्यंत पोचतात की नाही, यावरच त्यांचा खरेपणा ठरतो.

विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्हीकडे साजरा होणारा पोळा हेच शिकवतो. पीक देवाने दिलं असं म्हणणारा शेतकरी त्या दिवशी बैलाला जुंपत नाही. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळलं जातं. इथे आभार ओझं वाहणाऱ्या खांद्यापर्यंत जातात. भिलाईचंही ओझं वाहणारे खांदे आहेत. कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पण भट्टीच्या पोटात जाणारं लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून आलं. दर 17 सप्टेंबरला विश्वकर्म्याच्या पूजेत यंत्राला हार चढतो. तो हार खाणकामगाराची आणि ठेकेदाराकडच्या मजुराची आठवण देत नसेल, तर ती पूजा जुवाची झाली, खांद्याची नव्हे.

यापेक्षा अवघड प्रश्न दुःखाचा. ऑक्टोबर 2018 मध्ये कारखान्यातल्या गॅसवाहिनीच्या स्फोटात दहाहून अधिक कामगार गेले. वाचलेल्याने देवाचे आभार मानले, तर गेलेल्यांवर कृपा नव्हती का? याचं समाधानकारक उत्तर कुठल्याही धर्मशास्त्राजवळ नाही, आणि असल्याचा आव आणू नये. मात्र तुकोबांनी एक मर्यादा घालून दिली आहे. दुष्काळ आणि दिवाळं यांनी त्यांचा संसार मोडला, तरी जे झालं ते बरंच झालं, असं ते देवाला म्हणाले. ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणाले, शेजाऱ्याच्या नव्हे. परंपरा सांगते की धाकट्या भावाच्या वाट्याची कर्जखतं त्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. म्हणजे त्या आभाराची किंमत त्यांनीच मोजली आणि त्यातून कर्जदार मोकळे झाले. दुसऱ्याच्या घरातल्या मृत्यूकडे बोट दाखवून ‘देव करतो ते बऱ्यासाठी’ म्हणणं हे आभार नव्हेत, ती निष्ठुरता आहे. तिथे चौकशी आणि भरपाई मागणं हेच भक्ताचं काम.

तरीही शंका उरते : हाल सोसूनही आभार मानणारा माणूस अन्यायापुढे मान तुकवणार नाही का? तुकवू शकतो, आणि मालकांना तेच हवं असतं. पण ऋणाची जाणीव उलटही वागते. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांच्या संघटनेने आपल्याच वर्गणीतून आणि श्रमातून 1983 मध्ये रुग्णालय उभारलं आणि गोळीबारात पडलेल्या साथींच्या स्मृतीने त्याला ‘शहीद’ नाव दिलं. मेलेल्यांचं ऋण त्यांनी जिवंतांच्या उपचाराने फेडायला घेतलं, आणि त्यासाठी लढा सोडावा लागला नाही. देवापुढचा पेढा देव ठेवून घेत नाही. प्रसाद म्हणून तो माणसांतच परत येतो. शाळेची फरशी पुसणाऱ्या हातापर्यंत तो पोचला, तर ‘त्याचीच कृपा’ हे शब्द खोटे ठरत नाहीत.