मोल आणि ऋण

घेतलेल्या वस्तूचे रास्त मोल चुकते केले म्हणजे तिच्याविषयीचे आपले सर्व कर्तव्य संपले, असे मानावयाचे काय? व्यवहारात ह्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वजण रोज 'होय' असेच देत असतो. वाण्याचे पैसे दिले, गाडीवाल्याचे भाडे दिले, की मन मोकळे होते. आणि ते तसे न होईल तर संसार चालणेच कठीण. आम्हीही आजवर ह्याच मताचे होतो. परंतु गेल्या वैशाखात एका स्नेह्यासमवेत मोटारीने कोकणकिनारी गेलो असता ह्या मताला जो धक्का बसला, त्याची हकीकत सांगून तीवरून सुचलेले विचार वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आहे.

आमचे हे स्नेही हिशेबतपासनिसाच्या कामावरून निवृत्त झालेले आहेत. कोणाचा पैसा बुडवावयाचा नाही आणि कोणाचा उपकार अंगावर ठेवावयाचा नाही, हा त्यांचा जन्माचा बाणा. पहाटे पुणे सोडले, मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने जाऊन ताम्हिणी घाट उतरलो, आणि माणगाव, महाड, खेड असे करीत तिसऱ्या प्रहरी दापोलीपलीकडील एका किनाऱ्याच्या वाडीत पोहोचलो. माडांच्या छायेत एका विधवा बाईंनी पाहुण्यांची घरगुती सोय केलेली होती. उन्हाने आणि धुळीने जीव कासावीस झालेला. आम्ही उभयतांनी यथेच्छ स्नान केले. संध्याकाळी समुद्रावरून परतल्यावर अंगाची वाळू धुवावयास दुसरे स्नान झाले. स्नेह्यांनी तर नळी लावून मोटारही धुऊन लखलखीत केली.

पहाटे चारच्या सुमारास भांड्यांच्या आवाजाने आम्हांस जाग आली. पाहतो तो यजमानीणबाई आणि त्यांची सून हंडे-कळश्या घेऊन पाखाडी उतरत होत्या. कुतूहलाने मागोमाग गेलो. वाडीच्या सामाईक विहिरीवर हंड्यांची रांग लागलेली होती, आणि झऱ्याचे पाणी तळाशी साचेपर्यंत सात-आठ बायका अंधारात बसून होत्या. बाईंच्या घरच्या विहिरीला वैशाखात जेमतेम त्यांच्यापुरते पाणी असते. ते आदल्या दिवशी आम्ही संपविले होते. बाईंनी नेहमीपेक्षा दोन हंडे अधिक मांडलेले पाहून रांगेतील एक म्हातारी सहज म्हणाली, "पाहुणे आलेत वाटतं?" तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर आम्हांस इतके अवघडल्यासारखे झाले नसते.

पुण्यास वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि ह्या किनाऱ्यावर तीन हजारांहून अधिक. तरीही वैशाखात येथे अशी रांग लागते, ह्याचे कारण भूमीच्या घडणीत आहे. सह्याद्री आणि समुद्र ह्यांमधील पट्टी अरुंद, उतार तीव्र, नद्या आखूड, आणि जांभा दगड सच्छिद्र. आषाढाचे वैभव पाहता पाहता समुद्रास मिळते. आम्ही नारळीची हिरवी बने पाहून पाण्याची विपुलता गृहीत धरली, हा आमच्या अज्ञानाचा भाग झाला. पण सारा दोष अज्ञानावर टाकता येत नाही. घरात शिरताना खाटा किती, जेवणात मासे कोणते, हे सारे आम्ही विचारले. पाणी कसे आहे, हे विचारले नाही.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही हे स्नेह्यांस सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि आपली बाजू मांडली. दर बाईंनीच ठरविलेला होता व आपण त्यात घासाघीस केली नाही. ह्या घरचा मुलगा मुंबईस असतो. पाहुण्यांच्या पैशावर घर चालते. उद्या पाहुण्यांनी दया येऊन यावयाचे सोडले, तर त्या दयेने बाईंची चूल विझेल. प्रामाणिकपणे व्यवसाय करणाऱ्या माणसाची कीव करणे हा त्याचा अपमानच आहे. शेवटी ते म्हणाले, "आणि अहो, पुण्यास तुमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते, तेव्हा हा विचार कोठे जातो?"

ह्या शेवटच्या प्रश्नाने आम्ही चिडलो, आणि उत्तर न सुचल्यामुळे अधिकच चिडलो. पंचवीस वर्षांच्या स्नेहात प्रथमच असे झाले की तो सबंध दिवस एकाच किनाऱ्यावर आम्ही उभयतां निरनिराळ्या दिशांना फिरलो.

एकान्तात विचार करता स्नेह्यांचे बहुतेक म्हणणे आम्हांस पटले. बाईंचे मोल पुरे चुकते झाले होते. परंतु कोणत्याही सौद्यास दोन पक्ष असतात, आणि सौद्यातील वस्तूस मात्र पुष्कळदा तिसराही वाटेकरी असतो. रांगेतील त्या म्हातारीशी आमचा कसलाच करार झाला नव्हता. आमच्या पैशांतून तिला काही मिळाले नाही. आमच्या स्नानापायी तिची घटकाभर झोप मात्र गेली. मोल हे विकणाऱ्यास पोहोचते, ऋण त्याच्या पलीकडे उरते. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी व पितर ह्यांच्याबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे, आणि ते आतिथ्याने फिटते असे म्हटले आहे. अतिथीस देव मानावे, हा उपदेश आपणां सर्वांस मुखोद्गत असतो. पण तो यजमानास केलेला उपदेश आहे. अतिथीने तो आपली सनद म्हणून खिशात बाळगावयाचा नाही.

परतताना वाटेवरील दोन स्थळांनी हाच विचार पुढे नेला. महाडास चवदार तळे आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील पाणी प्राशन करून मनुष्यमात्राचा हक्क बजावला, आणि तो हक्क 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला. त्या घोर अन्यायाशी आमच्या दोन बादल्यांची तुलना करणे औचित्यास सोडून होईल. तथापि तेथे रूढीच्या बळावर 'हे पाणी आमचे' असे म्हटले जात होते, आणि आम्ही तेच मोलाच्या बळावर न बोलता म्हणत होतो, हे स्वतःशी कबूल करणे भाग पडले. पुढे मुळशी लागली. जाताना त्या जलाशयाची शोभा पाहून आम्ही मोटार थांबविली होती. वीज निर्माण करण्यासाठी बांधलेल्या त्या धरणाविरुद्ध 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. नुकसानभरपाईचे पैसे देऊ केलेले असताही, पैशाने जमिनीचे नाते फिटत नाही, असे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते. त्यांची गावे पाण्याखाली गेली. हिशेबाच्या वहीत मात्र ते खाते बंद झाले असेल.

आता स्नेह्यांचा तो बोचरा प्रश्न. त्यास प्रामाणिक उत्तर एवढेच की तो विचार आम्हांस पुण्यात कधी सुचलाच नव्हता. ज्या खडकवासल्याचे पाणी आमच्या नळास येते, त्याच्याच कालव्याकडे दौंड-इंदापूरचे शेतकरी डोळे लावून बसलेले असतात. आम्ही पाणीपट्टी भरतो, म्हणून ते आम्हांस दिसत नाहीत, इतकेच. वाडीतील विहिरीवर रांग डोळ्यांपुढे होती; नळामागची रांग लांब आहे, म्हणून ती नाही असे होत नाही.

मग माणसाने करावे काय? प्रवास सोडावा, हे उत्तर सोपे आणि चुकीचे आहे. बाईंच्या चुलीविषयी स्नेही बोलले ते खरेच होते. आमच्या मते मोल गिऱ्हाइकासारखे पुरेपूर द्यावे आणि घ्यावे मात्र घरच्या माणसासारखे. त्या घरातील माणूस त्या ऋतूत जितके पाणी वापरील, तितकेच पाहुण्याने वापरावे. आणि ते किती, हे उंबरठा ओलांडतानाच विचारावे. ह्याने ऋण फिटते असे नाही, पण ते वाढत तरी नाही.

निघावयाच्या दिवशी स्नेह्यांनी अर्ध्या बादलीत स्नान आटोपले. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, व आम्हीही विचारले नाही. मात्र पुण्यास आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तो त्यांची मोटार दाराशी कोकणच्या तांबड्या धुळीने माखलेली तशीच उभी होती. आपला युक्तिवाद अद्यापि कोणी खोडून काढलेला नाही, असे ते आजही म्हणतात. आणि आम्हीही त्यांच्याशी पुन्हा वाद घातलेला नाही.