देव्हाऱ्यातला टाक, पेटीतला ठसा

चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविकांची रीघ लागते. त्यांतल्या मराठवाड्यातल्या भाविकांच्या देव्हाऱ्यांत टाक सर्रास दिसतात: चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा खंडोबा, भवानी, नाहीतर घराण्यातला एखादा वीर. हा देव ठशावर घडतो. पत्रा तापवून मऊ करायचा, खोल कोरलेल्या ठशावर ठेवायचा, वर शिसं ठेवून ठोकायचा. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की पुन्हा तापवायचा, नाहीतर घोड्याच्या गुडघ्याशी किंवा देवाच्या नाकाशी तो फाटतो. एका ठशातून असे कितीही खंडोबा निघतात. मग शंभर घरांत एकसारखे देव असतील, तर त्यांतला खरा कोणता?

प्लेटोने ठशाकडे बोट दाखवलं असतं. त्याच्या लेखी मूळ नमुना खरा, बाकीच्या नकला. आपला व्यवहार नेमका उलटा आहे. ठसा कारागिराच्या पेटीत कानशी-छिन्न्यांबरोबर पडलेला असतो. दसऱ्याला हत्यार म्हणून त्याला हळदकुंकू लागेलही, पण कुलदेव म्हणून त्याच्यापुढे कोणी नारळ फोडत नाही. पुजायचा तो टाक, तोही प्रतिष्ठा झाल्यावर. भाऊ वेगळे झाले की धाकटा नवे टाक करून घेतो. शेत वाटलं की निम्मं होतं. धाकट्याचा देव तसा निम्मा ठरत नाही. याचा अर्थ इतकाच, की टाकाचं पावित्र्य तो एकमेव असण्यात कधी मानलंच गेलं नाही. ते त्या घराने त्याच्याशी जोडलेल्या नात्यात आहे.

नातंच सगळं असेल तर घोडा, तलवार, म्हाळसा हा खटाटोप कशाला, कोरा पत्राही चालेल, असं कोणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला दुजोरा चंद्रपूरच्या सीमेलगतच मिळतो. राजगोंडांच्या कुळांचा देव, पर्सापेन, लोखंडी भाल्याच्या पात्यात आणि चवरीत असतो. मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबाद भागात त्याच्या पूजेचा सविस्तर अभ्यास केला. त्या पात्याला नाक-डोळे नाहीत. तेव्हा चेहऱ्यावाचून देवाचं अडत नाही, हे कबूलच करायला हवं. पण तिथे सगळं कूळ जमतं आणि त्यांचा भाट, परधान, किंगरी या तंतुवाद्यावर कुळाची कथा गातो. देव्हाऱ्यापुढे कथा सांगायला रोज कोण असतं? वाघ्या-मुरळी किंवा गोंधळी येणार ते कार्यापुरते. एरवी हा देव कोणाचा आणि कोण, हे घोड्याने आणि तलवारीनेच सांगायचं.

आता सराफाकडे प्रेसमधून निघालेले टाक वजनावर मिळतात. त्यात कारागिराचा हात कुठे, ही दुसरी तक्रार. मला ती चुकीच्या जागी केलेली वाटते. या कामातली प्रतिभा ठोकणाऱ्यापेक्षा ठसा कोरणाऱ्याची. त्याला देव उलटा आणि आतून पाहावा लागतो, पत्रा किती ताणेल याचा अंदाज लागतो. आत वळलेला आकार तर ठशात अडकूनच बसतो. टाकातले देव उथळ उठावाचे आणि बटबटीत डोळ्यांचे का, याचं बरंचसं उत्तर या अडचणीत आहे. प्रेस आल्याने ती टळलेली नाही. आणि वेगळेपणच हवं असेल, तर चिंचेने घासून घासून नाक कोणत्या घरात किती झिजलं, यावरून एकाच ठशाचे दोन टाक काही वर्षांत वेगळे ओळखू येतात. तक्रार करायचीच तर ठशांच्या संख्येची करावी. एकाच कारखान्याचा ठसा सगळ्या पेठांत गेला, तर जेजुरीकडच्या आणि माळेगावकडच्या घोड्याची ढब एकच होईल. देवाला त्याने काही फरक पडणार नाही. नुकसान होईल ते बघणाऱ्यांचं आणि नव्या ठशाचं काम बंद झालेल्या कोरणाऱ्याचं.