भूमिशुद्धी आणि प्रायश्चित्त

दूषित जमीन शुद्ध झाली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर रसायनशास्त्राचा वाटतो. परंतु कोडाईकॅनॉलच्या पाऱ्याचे प्रकरण चेन्नईतील मद्रास उच्च न्यायालय आणि हरित न्यायाधिकरणाचे दक्षिण पीठ यांच्यापुढे वर्षानुवर्षे चालले, तेव्हा तो मूलतः नीतीचा प्रश्न असल्याचे दिसून आले. १९८३ साली तेथे सुरू झालेला थर्मामीटरचा कारखाना, पारा लागलेली काच गावातल्या भंगारात सापडल्यावर, २००१ मध्ये बंद पडला. आवारातील माती स्वच्छ करताना किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा शिल्लक राहिला तरी चालेल, असे ठरले. मात्र शेजारीच पांबार शोला, म्हणजे डोंगरघळीतले पाणी धरून ठेवणारे सदाहरित वन असल्यामुळे, ही मर्यादा फार सैल आहे, असे कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. तर अधिक खोल उकरल्यास झाडे जातील आणि धूप वाढेल, असे कारखान्याच्या मालक कंपनीच्या बाजूने सांगितले गेले. पारा शून्यावर आणता येईल, असा दावा कोणाचाच नव्हता. किती अपाय सोसण्याजोगा मानावा आणि तो कोणी सोसावा, एवढाच वाद होता, आणि मातीचे कितीही नमुने तपासले तरी त्याचा निकाल लागणारा नव्हता.

धर्मशास्त्रकारांनाही निरपेक्ष शुद्धी अभिप्रेत नव्हती. वस्तू पुन्हा व्यवहारास योग्य होणे, एवढाच त्यांच्या द्रव्यशुद्धीचा अर्थ होता. जमीन झाडणे, जाळणे, खरवडणे, सारवणे, तिच्यावर पाणी शिंपणे, गाई फिरवणे आणि काळ जाऊ देणे, असे उपाय याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात येतात. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने या स्मृतीवरील आपल्या मिताक्षरा टीकेत स्मृतिकार देवलाची वचने देऊन दोषाच्या तीव्रतेप्रमाणे जमिनीचे तीन वर्गही सांगितले आहेत. चांडाळांच्या वस्तीने जमीन अशुद्ध होते, असेही त्याच वचनांत गृहीत धरलेले आहे. तो भाग मुळातूनच त्याज्य होय. या परंपरेतून आज घ्यायचे ते विटाळाचे निकष नव्हेत, तर दोषानुसार उपाय योजण्याची तिची रीत.

या उपायांपैकी ‘काळ’ हा सर्वांत विचारप्रवर्तक आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाचे एक जुने किरणोत्सारी यंत्र फोडले गेले, त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, आणि दूषित जागा साफ करावी लागली. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य, म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे सव्वापाच वर्षांचे असल्याने जवळपास ५३ वर्षांनी ती हजाराव्या हिश्श्यावर येते. तमिळनाडूच्याच किनाऱ्यावर मनवळकुरिचीच्या मोनाझाइट वाळूत असलेल्या थोरियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १४०० कोटी वर्षांचे आहे; आणि पाऱ्याला तर अर्धायुष्यच नाही. किरणोत्साराचे नाव काढताच थरकाप होतो खरा, पण पुरेसा काळ धीराने जाऊ दिला तर काही किरणोत्सारी द्रव्ये पाऱ्यापेक्षा अधिक क्षमाशील ठरतात, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

काळाचा असा आधार नसल्यामुळे पाऱ्याच्या बाबतीत खरवडणेच उरते, आणि खरवडलेला दोष कोठेतरी न्यावाच लागतो. पारा लागलेली काच २००३ मध्ये अमेरिकेला परत पाठवण्यात आली. मातीसाठी ती धुऊन, तापवून पारा वाफेच्या रूपाने वेगळा काढण्याची योजना आखली गेली. तसा निघालेला पाराही पाराच राहतो; फक्त तो आता कोणाच्या तरी ताब्यात, हिशेबात असतो. भूमिशुद्धीचा व्यावहारिक अर्थ बहुधा यापलीकडे जात नाही.

परंतु याज्ञवल्क्याने द्रव्यशुद्धी पहिल्या अध्यायात आणि प्रायश्चित्त तिसऱ्या अध्यायात ठेवले आहे, ही विभागणी येथे फार उपयोगी पडते. वस्तूचा दोष गेला म्हणून कर्त्याचा दोष जात नाही, कारण प्रायश्चित्ताचा आरंभ विद्वानांच्या परिषदेपुढे आपले कृत्य स्वतः सांगण्याने होतो. २०१६ च्या मार्चमध्ये, पाऱ्यामुळे आजारी पडल्याचे सांगणाऱ्या कारखान्याच्या ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला, तेव्हा त्यातील रक्कम मानवतेच्या भूमिकेतून दिली असल्याचे कंपनीने सांगितले. कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असू शकते. शास्त्रकारांच्या दृष्टीने मात्र ते दान ठरेल, आणि आजारपण कशामुळे आले हे कर्त्याच्या तोंडून ऐकण्याचा कामगारांचा हक्क दान देऊन फिटत नाही.