मराठीतली हग्गादा

उमरखेडला कीर्तन नवं नाही. मात्र बायबलमधल्या अब्राहमाची कथा मराठी कीर्तनात सांगितली जायची, हे ऐकलं की पैनगंगेकाठचा माणूसही थबकतो.

ही कीर्तनं बेने इस्राएल समाजाची. कोकणात शतकानुशतकं तेल गाळणारे हे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. दिवेकर, अष्टमकर, पेणकर ही आडनावं गावांवरून आलेली आणि घरातली भाषा मराठी.

त्यांचा धर्मही मराठीत उतरला. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी 'हग्गादा' छापली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायचं हे पुस्तक. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत! या एका चित्रासाठी ते पुस्तक बघावं.

त्या रात्री एलिया संदेष्ट्यासाठी द्राक्षरसाचा एक पेला भरून ठेवतात. न आलेल्या पाहुण्याची ही केवढी आस्था! कोकणातल्या या समाजाची एलियावर विशेष श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. शुभकार्यात त्याच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटायचं.

मुंबईतलं या समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं. पुढे बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. तिथूनही त्यांनी मराठी नियतकालिक काढलं. नाव ठेवलं, 'मायबोली'.