साठा आणि जागृती

सद्गुणी कोणाला म्हणावे? ज्याच्या ठायी सद्गुण आहे त्याला, की ज्याचा सद्गुण प्रसंगी कामास येतो त्याला? अ‍ॅरिस्टॉटलने हा भेद फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. झोपलेल्या माणसाच्या अंगीही सद्गुण असू शकतो. पण ऑलिंपिकचा मुकुट, तो म्हणतो, जो स्पर्धेत उतरतो त्यालाच मिळतो. संयमाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. कारण जे घडलेच नाही, त्याची मोजदाद कशी करावी? रक्ताचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहिली होती.

जखम झाली की रक्त गोठते. थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य हे काम करते. परंतु तेच गोठणे धडधाकट रक्तवाहिनीत पसरले तर प्राणावर बेतते. म्हणून त्याला आवर घालणारी प्रथिनेही रक्तातच असतात. त्यांपैकी एक 'प्रोटीन सी'. १९७६ साली स्वीडनमधील योहान स्टेनफ्लो यांनी ते गुरांच्या रक्तातून वेगळे काढले. ते यकृतात तयार होते आणि रक्तात निद्रिस्त अवस्थेत वाहत राहते. त्याला जागे कोण करते? थ्रॉम्बिनच! रक्तवाहिनीच्या निरोगी अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचे प्रथिन असते. थ्रॉम्बिन त्याला जाऊन बिलगले की रक्त गोठवणे विसरते आणि स्वतःलाच आवरणाऱ्या प्रोटीन सीला जागे करते.

हा आवर मोजण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत प्रोटीन सीचा एकूण साठा मोजतात. दुसरीत कॉपरहेड नावाच्या अमेरिकन सर्पाच्या विषातील एका घटकाने, नळीतल्या रक्तद्रवात, सारा साठा बळेच जागा करतात. त्यावरून त्याची कुवत कळते. पण या घटकेला शरीरात त्यातले किती जागे आहे, हे या दोहोंतून कळत नाही. जागे झालेले प्रोटीन सी अर्ध्या तासाच्या आत निम्म्याहून कमी उरते. १९९२ साली ग्रुबर आणि ग्रिफिन या अमेरिकेतील संशोधकांनी वाट काढली. रक्त घेतानाच त्यात असे रसायन मिसळायचे की जागृत प्रोटीन सी जागच्या जागी थोपून राहील. मग ते प्रतिपिंडाने पकडायचे, रसायन धुऊन काढायचे आणि हळूहळू उमटणाऱ्या रंगावरून त्याचे प्रमाण ठरवायचे. निरोगी माणसात साठा मिलिलिटरला सुमारे ४ मायक्रोग्रॅम आणि जागृत अंश सुमारे २ नॅनोग्रॅम, म्हणजे दोन हजारांत एक! एवढ्याशा जागेपणावर रक्ताचा प्रवाह मोकळा राहतो.

आपण माणसांना कोणत्या रीतीने मोजतो? बहुधा पहिल्या. घराणे चांगले, शिक्षण चांगले, म्हणून माणूस संयमी. कधी दुसऱ्या रीतीने: मुलाला धाकात ठेवायचे आणि तो गप्प बसला की त्याला गुणी म्हणायचे. पण वाडीच्या वाटणीवरून भावाभावांत शब्द वाढत असताना ओठांवर आलेले एक वाक्य जो गिळतो, त्याचा संयम कोणाच्या नोंदीत येत नाही. घर मात्र त्यावरच टिकते.

मग हा संयम बाहेरून ओतता येईल काय? वैद्यकाने तसा प्रयत्न करून पाहिला. तीव्र जंतुसंसर्गात रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, थ्रॉम्बोमोड्युलिन कमी होते आणि प्रोटीन सी नीट जागे होत नाही. म्हणून जागृत प्रोटीन सीच औषध म्हणून शिरेतून देण्यास २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तस्रावाचा धोका त्यात होताच. पुढच्या मोठ्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही आणि २०११ साली औषध बाजारातून मागे घेण्यात आले. एका औषधाच्या अपयशावरून नीतिनियम सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही विचार मनात येतोच. रागाचे रूपांतर आवरात होण्यासाठी त्याला टेकायला निरोगी भिंत लागते: ज्याच्याजवळ मन मोकळे करता येईल असा वडीलधारा, ऐकून घेणारी पत्नी, जुना स्नेही. ही भिंत दुखावलेली असेल तर वरून कितीही उपदेश ओतला तरी काय उपयोग?

याचा अर्थ सारा दोष भिंतीवर टाकावा असा नव्हे. १९९३ साली स्वीडनच्याच ब्योर्न डालबेक यांनी दाखवून दिले की, काहींच्या रक्तात जागृत प्रोटीन सी घातले तरी गोठणे अपेक्षेप्रमाणे लांबत नाही. पुढल्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन येथे त्याचे प्रमुख कारण सापडले. ज्याला आवरायचे त्या 'फॅक्टर पाच' या घटकातच एका जागी बदल झालेला असतो, त्यामुळे तो आवराला सहजी दाद देत नाही. त्या घटकाला दोष देता येत नाही. तो जसा घडला तसा वागतो. माणसाचे तसे नाही. समजावणारा समोर असताना ऐकायचे की नाही, हे तो ठरवू शकतो. म्हणूनच त्याला जाब विचारता येतो. रक्ताची उपमा येथे संपते आणि आपली जबाबदारी सुरू होते.

तेव्हा कोणाच्या संयमाची पारख करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: त्याचा राग ज्या भिंतीला टेकू शकेल, ती भिंत होण्यास आपण तयार आहोत काय?